सतराव्या पानावरची खुंटी

"खुंटी आहे का, मास्तर?" साहेबांनी दारातूनच विचारलं, तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होतो. प्रश्नात नवीन काही नव्हतं. महिन्यातून एकदा-दोनदा साहेब असेच येतात, चौकटीला खांदा टेकवतात आणि खुंटी आहे का म्हणून विचारतात. दुसऱ्या एखाद्या घरात माणूस काड्यांची पेटी आहे का विचारील, तसं. मी विचारलं, कुठल्या भाषणातली. "ते टेकडीवरच्या निवासाचं," साहेब म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वीचं. उद्या ते बिल पुन्हा येतंय, आणि या खेपेला आपल्याला बाजूनं बोलायचंय." मी पेन्सिल फिरवणं न थांबवता म्हणालो, "आहे. सतरावं पान, खालून दुसरं वाक्य." कपाट उघडावं लागलं नाही, यादी बघावी लागली नाही. साहेब खूश झाले. "म्हणून तर तुम्ही लागता," असं म्हणत चौकट सोडून माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसले. पेन्सिलीचा भुसा मी कागदावर गोळा केला, कागदाची पुडी केली, पुडी टोपलीत टाकली. एवढं सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आत्ता काय दिलं. लक्षात आलं म्हणजे नुसतंच लक्षात आलं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपलाच आहे हे माहीत असतं, पण चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं.

मला मास्तर म्हणतात, पण मी आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही. सध्या विरोधात असलेल्या पक्षाच्या कचेरीत मागच्या खोलीत बसून एकतीस वर्षं मी भाषणं लिहितो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं ठेवतो. माझ्याआधी जे होते त्यांना मास्तर म्हणत. त्यांची खुर्ची मिळाली, तिच्याबरोबर नावही मिळालं. खुंटी मला त्यांनीच शिकवली. भिंत बांधतानाच खुंटी बसवून घ्यावी, म्हणायचे, मागाहून ठोकायला गेलं की गिलावा पडतो. म्हणजे भाषण कितीही कडक असो, त्यात एखाद्या मऊ जागी एक वाक्य ठेवून द्यायचं, ज्याला पुढं कधी उलटी भूमिका टांगता येईल. पुलावरच्या टोलला कडाडून विरोध करायचा, पण एका कोपऱ्यात 'प्रवाशांच्या वेळेचाही विचार करावा लागेल' एवढं म्हणून ठेवायचं. परीक्षा रद्द करा म्हणून गर्जायचं आणि मधेच 'गुणवत्तेचाही विचार करावा लागेल' असं पुटपुटून पुढं जायचं. पाच-सात वर्षांनी टोल गोड लागायला लागला, परीक्षा हव्याशा झाल्या, की तो कोपरा झटकून काढायचा आणि म्हणायचं, बघा, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं. वर्तमानपत्रं याला घूमजाव म्हणतात. साहेबांना तो शब्द सोसत नाही. ते म्हणतात, भूमिका विकसित झाली. खुंटीची परीक्षा एकच. त्या वाक्याला टाळी पडता कामा नये. टाळी पडली म्हणजे लोकांनी ते ऐकलं, आणि ऐकलेलं वाक्य लोक आपल्याला हवं तसं धरून बसतात. समोरचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ते विरोधात होते तेव्हा त्यांच्याही मागच्या खोलीत कुणीतरी बसलेलं असणारच. तो मला एकदा डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत भेटला. आम्ही अर्धा तास थेंबांबद्दल बोललो.

टेकडीवरच्या, मनानं आजारी असलेल्यांच्या निवासात माझा मोठा भाऊ राहतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मोजणी खात्यात नकाशे काढायचा, आणि त्याच्या हाताची रेघ अशी होती की साहेबलोक बघायला यायचे. एका दुपारी नदी अर्धी काढून तो घरी आला आणि पुन्हा गेला नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि पुढं पुढं काहीच सांगेनासा झाला. दोन वर्षं तो आमच्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसला. माझं नवीन लग्न, दोन खोल्या. बायको त्याच्या पाठीला वळसा घालून ओट्याशी जायची आणि कधी चकार शब्द बोलली नाही, पण दोनदा गॅस उघडा राहिला. मग निवास. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तिथं दादा धुलाईघरात चादरी घडी करतो. एकटा नाही, चादरीची घडी एकट्याला येत नाही. त्याच्या समोर एक माणूस असतो, सगळे त्याला उंच म्हणतात, कारण तो उंच आहे आणि स्वतःचं नाव सांगत नाही. दोघं चादरीची दोन टोकं धरतात, ताण देतात, एकमेकांकडे चालत येतात, दादा त्याच्या हातातली टोकं घेतो, उंच खाली वाकून दुमड उचलतो, दोघं पुन्हा मागं सरकतात. दिवसाला दोनशे चादरी. मी दर गुरुवारी जातो आणि बाकावर बसून ते बघतो. दादा माझ्याशी फारसं बोलत नाही, पण मी आलोय हे त्याला ठाऊक असतं. गेल्या वीस वर्षांत मी इतकं शांतपणे दुसरं काहीही पाहिलेलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी सरकारी बाजूनं निवास बंद करायचं बिल आणलं. माणसं आपापल्या घरी पाठवायची, ज्यांना घर नाही त्यांची 'पर्यायी सोय' करायची. ते भाषण मी तीन दिवसांत लिहिलं, बावीस पानं. आयुष्यात पहिल्यांदा मी जे लिहीत होतो ते मला खरं वाटत होतं. बायकोनं विचारलं, बरं नाहीये का, तोंड असं का झालंय. साहेबांनीही ते असं म्हटलं की प्रेक्षकांच्या सज्जात माणसं डोळे पुसत होती, आणि चौथ्या दिवशी बिल मागं घेतलं गेलं. त्या बावीस पानांतलं सतरावं पान, खालून दुसरं वाक्य: 'या माणसांसाठी घरात जागा झाली, की त्या भिंतींची गरज कुणालाच उरणार नाही.' त्याला टाळी पडली नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं होतं की हात सवयीनं गेला, दुसरं काय. सुतार स्वतःच्या घराचं दार करायला बसला तरी रंधा तसाच धरणार.

"डॉक्टर ऐकायला तयार नाहीत," साहेब सांगत होते. डॉक्टर म्हणजे त्या छोट्या पक्षाचे अध्यक्ष. निवडणूक आठ महिन्यांवर, आणि त्यांच्या हातात अकरा जागा. "त्यांचं म्हणणं, माणूस घरात बरा होतो. आता हे चुकीचं आहे असं म्हणता येतं का?" मी म्हणालो, नाही म्हणता येत. साहेब दुष्ट नाहीत, हे मी लिहून ठेवलं पाहिजे. माझी आई गेली तेव्हा ते चपला काढून जमिनीवर बसले होते. ते उठता उठता थांबले.

"मास्तर, तुमचं कुणीतरी होतं ना तिथं?"

"मोठा भाऊ."

"अजून आहेत?"

"आहे."

"मग बरंच झालं की. घरी येतील."

"हो," मी म्हणालो.

मला 'खुंटी नाही' म्हणता आलं असतं. हे काही मागाहून सुचलेलं नाही. त्या 'हो'च्या आतच ते होतं, चहाच्या कपाच्या बुडाशी साखर राहते तसं. खुंटी नसली की साहेब भूमिका बदलत नाहीत. उघड्या भिंतीवर डोकं आपटून घ्यायची त्यांना हौस नाही. बंदर विकायचं बिल आलं त्या वेळी खुंटी नव्हती, कारण ते भाषण मी तापात लिहिलं होतं. तेव्हा साहेब मतदानाच्या दिवशी आजारी पडले आणि बंदर वाचलं. 'खुंटी नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. भाषणाची प्रत माझ्याच कपाटात आणि सतरावं पान माझ्याशिवाय कुणी उघडणार नव्हतं. अजूनही दिवसभर वेळ होता. साहेबांच्या खोलीत जाऊन माझी आठवण चुकली म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी प्रत काढली, वाक्याला पेन्सिलीनं खूण केली आणि नवीन भाषण लिहायला घेतलं. चार वाजेपर्यंत झालं. चांगलं झालं. ते वाक्य मी सुरुवातीला न घेता तिसऱ्या पानावर घेतलं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की साहेबांना ते बोलता बोलता आठवलं. टंकलेखिका म्हणाली, "मास्तर, हे तर आधीच्यापेक्षा छान आहे." मला बरं वाटलं. ज्याची लाज वाटायला हवी त्याचं बरं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटली नाही.

घरी मी चालत गेलो. रस्त्यावर दुकानांच्या फळ्या निम्म्या उघड्या होत्या, एक बाई चावीवाल्याला विचारत होती की हरवलेल्या किल्लीची किल्ली होते का, आणि तो म्हणत होता, कुलूप आणा, बाई, कुलपाशिवाय काय करू. आमच्या घराला आता तीन खोल्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी हे घर घेतलं तेव्हा तिसऱ्या खोलीला आम्ही दादाची खोली म्हणत होतो. तिथं एक खाटही आणून टाकली होती. मग कचेरीतलं एक कपाट मोडलं, तेव्हा तात्पुरते म्हणून कात्रणांचे गठ्ठे त्या खाटेवर ठेवले. मग खाटेखाली ठेवले. मग खाट विकली. कधीपासून ते सांगता येणार नाही, पण आता तिला कात्रणांची खोली म्हणतात. भूमिका विकसित झाली. मी दार उघडून उभा राहिलो. जुन्या कागदाला एक वास असतो, गोडसर, खाऊच्या रिकाम्या डब्याला असतो तसा. बायको मागं येऊन उभी राहिली. मी तिला बिलाचं सांगितलं. सांगताना मी 'पास होईल बहुतेक' असं म्हणालो, जणू काही पाऊस येईल बहुतेक.

"मग ही खोली रिकामी करायला हवी," ती म्हणाली.

"तुला चालेल?"

"मला काय विचारता? मी अकरा वर्षांपूर्वी पडदा शिवला होता त्या खोलीसाठी." तिनं हात पदराला पुसले. "तुम्हाला त्यांना आणायचं असतं तर कधीच आणलं असतं. त्यात माझं नाव घालू नका."

मी तिचं नाव घालणारच होतो. इतकी वर्षं मनातल्या मनात मी तेच करत आलो होतो. कुणी विचारलं असतं तर 'बायकोचाही विचार करावा लागतो' हे उत्तर तयार होतं. कुणी विचारलं नाही, एवढंच. जेवताना आम्ही नळाच्या गळतीबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. साहेबांच्या भाषणाला मी सभागृहाच्या सज्जात बसतो, कुठला शब्द त्यांच्या जिभेवर अडतो ते टिपून घेतो. गेलो नाही असं कधी झालेलं नाही. त्या दिवशी मी टेकडीच्या बसमध्ये बसलो. काही ठरवून नव्हे. गुरुवार होता म्हणून. धुलाईघरात वाफ होती, ओल्या सुताचा वास होता, आणि दादा आणि उंच नेहमीसारखे समोरासमोर होते. मी बाकावर बसलो. निवासाची मुख्य परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणतात, ती माझ्या शेजारी येऊन टेकली. तिला मी कुठं काम करतो हे ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी तिनं मला एक स्वेटर विणून दिला होता. तो मला अजून होतो.

"तुमचे साहेब आहेत ना आज," ती म्हणाली. "मग काळजी नाही."

मी चादरींकडे बघत राहिलो.

"तुमच्या दादांचं एक वेळ ठीक आहे, तुम्ही आहात. या उंचाचं कोण आहे? रजिस्टरात गावाचं नाव आहे फक्त. मी दोनदा पत्र टाकलं. दोन्ही परत आली, गाव नाही म्हणून." ती उठली आणि कोपऱ्यातल्या फळीवरचा टीव्ही तिनं लावला. "ऐकू दे सगळ्यांना."

सभागृह दिसलं. साहेब उभे होते. माझ्या ओळखीचा निळसर कोट, उजवा हात टेबलावर. आवाज वाफेतून येत होता आणि यंत्रांच्या घरघरीत मधले मधले शब्द बुडत होते, पण मला शब्दांची गरज नव्हती. पहिलं पान. दुसरं पान. सिस्टरच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही. तिनं घडी केलेल्या चादरींच्या थप्पीवर हात ठेवला होता, तो तेवढा दिसत होता, आणि तिसरं पान सुरू होता होता तो हात तिनं उचलून घेतला. साहेब थांबले. बोलता बोलता काही आठवल्यासारखे थांबले, फार सुरेख थांबले, आणि म्हणाले, "मी याच सभागृहात नऊ वर्षांपूर्वी म्हणालो होतो, या माणसांसाठी घरात जागा झाली, की त्या भिंतींची गरज कुणालाच उरणार नाही."

दादा थांबला. चादर त्याच्या आणि उंचाच्या मधे ताणलेली होती. तो टीव्हीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"हे तू म्हणाला होतास," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला भाषणं मी लिहितो हे कुणीतरी सांगितलं असावं. मी म्हणालो, "हो, मीच लिहिलं होतं."

"लिहिलं नव्हतंस. बाहेर बाकावर. माझी पेटी तुझ्या मांडीवर होती." त्याचा आवाज अगदी साधा होता. "तू म्हणालास, दादा, घरात जागा झाली की इथं राहायची गरज नाही."

आणि मग ते दिसलं मला. फाटकाशेजारचा बाक, पत्र्याची पेटी, तिच्या कडीला बांधलेली सुतळी, आणि आत जायच्या आधी दादानं माझी बाही धरलेली. मी तीस वर्षांचा होतो. खुंटी शिकून मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. म्हणजे ते वाक्य मी साहेबांसाठी केलेलंच नव्हतं. सतराव्या पानावर ते नुसतं पुन्हा वापरलं होतं, बाकावर एकदा उपयोगी पडलेलं म्हणून. साहेबांनी निदान नऊ वर्षांनी खुंटी काढून वापरली तरी. मी सव्वीस वर्षांत दादाला घरी आणायला ती एकदाही काढली नव्हती. आणि समोरच्या या माणसानं ते वाक्य रोज दोनशे चादरींमधून जपून ठेवलं होतं. माझ्या छातीत काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. यंत्रांची घरघर ऐकू आली, तेवढंच.

"मग झाली म्हणायची जागा," दादा म्हणाला. तो विचारत नव्हता.

"तीन खोल्या आहेत," मी म्हणालो. "तिसरीत कागद आहेत."

"कागदांच्याही घड्या होतात."

तो चादर न सोडता उंचाजवळ चालत गेला, त्याच्या हातांतली दोन टोकं काढून घेतली आणि माझ्याजवळ येऊन ती माझ्या हातांत दिली. "धर. घरी आपण दोघंच असणार ना. शिकून घे." मी उभा राहिलो. चादर अजून कोमट होती. दादा मागं सरकला, ताण दिला, माझ्याकडे चालत आला. मी कधी पुढं यायचं ते मला कळलं नाही, आणि माझं टोक जमिनीला लागलं. इतकी वर्षं समोर बसून बघितलं होतं, तरी आलं नाही. "वर धर," तो म्हणाला. "येईल." टीव्हीत बाकं वाजत होती. सिस्टरनं जाऊन तो बंद केला आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेली. तिला माझ्याशी बोलायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. उंच तिथंच उभा होता. त्याचे दोन्ही हात अजून पुढं होते, टोकं धरल्यासारखे.

दादानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि हा?" त्यानं विचारलं. "याला घड्या येतात. याला कुणी नाही."

आम्हाला तीन खोल्या आहेत. एका बाजूला बायको आहे, एका बाजूला एकतीस वर्षांचे कागद आहेत, आणि मला हो म्हणता येत होतं. नाही म्हणता येत होतं. एक शब्द एका अक्षराचा, दुसरा दोन; फार मोठे नाहीत. दादा वाट बघत होता. उंचही वाट बघत होता, की नव्हता, ते त्याच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

"त्यांचाही विचार करावा लागेल," मी म्हणालो.

बोलून झाल्यावर मी ते ऐकलं. धुलाईघरात यंत्रं चालू होती. दादानं मान हलवली, हळूच, दोनदा, एखादी वस्तू मिळाल्यावर हलवावी तशी. त्यानं ते वाक्य ठेवून घेतलं होतं. मग त्यानं माझ्या हातांतली टोकं काढून घेतली, उंचाच्या पुढं केलेल्या हातांत परत दिली आणि मला म्हणाला, "तू बस. अजून पुष्कळ आहेत." मी बाकावर बसलो. त्यांनी पुढची चादर उचलली.